लिंकर फक्त नाव विचारतो

आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या एकीनं पाठवलेल्या पडद्याच्या चित्रात शेवटची ओळ एवढंच सांगत होती की ३२ जीबी मेमरी मिळत नाही. पुढे कंसात एक आकडा होता: ४२९४९६७२९५. खाली पाठवणारीनं लिहिलं होतं, "फाइल जेमतेम दोन एमबीची आहे हो. माझंच काही चुकतंय का?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती आणि त्यातली एक ओळ माझ्या हातची होती. तो आकडा मी त्यानंतर कधी विसरलो नाही. दोनाचा बत्तिसावा घात, त्यातून एक वजा. म्हणजे बत्तीसच्या बत्तीस बिट, शून्य-एकची घरं, पेटलेले. दोन प्रोग्रामिंग भाषांच्या सीमेवर ज्यांनी काम केलंय त्यांना हा आकडा दिसला की पोटात गोळा येतो, कारण बहुतेक वेळा ती मोजणी नसतेच. वेष बदलून आलेला तो उणे एक असतो, कारण मशीनमध्ये उणे एक लिहिताना सगळेच बिट पेटतात.

आमचा प्रकल्प चार भाषांचा. आकडेमोडीचा गाभा फोर्ट्रानमध्ये, आमच्या आधीच्या लोकांनी लिहिलेला आणि इतका पारखून घेतलेला की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नसे. त्याभोवती सी प्लस प्लस. फाइल वाचणारा भाग साध्या सीमध्ये. आणि वापरणाऱ्याला दिसतं ते पायथन. हे सगळं लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या तिन्हींवर बिल्ड व्हायला, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बनायला हवं, आणि तिन्हींवर उत्तर तेच यायला हवं.

फाइल वाचणारं फंक्शन नोंदींची संख्या परत द्यायचं, आणि काही बिघडलं तर उणे एक. परत येणाऱ्या आकड्याचा प्रकार होता ‘लाँग’, सीमधला एक पूर्णांक. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ६४ बिटांचा असतो. विंडोजवर मात्र मशीन ६४ बिटांचं असलं तरी लाँग ३२ बिटांचाच राहिला. लाँग म्हणजे ३२ बिट असं धरून लिहिलेला जुना कोड मोडू नये म्हणून तो तसा ठेवलाय, आणि ते कारण मला पटतं. पायथनच्या बाजूनं मी लिहून ठेवलं होतं की हे फंक्शन ६४ बिटांचा पूर्णांक देतं. मी ते लिनक्सवर बसून लिहिलं होतं, आणि तिथे ते शब्दशः खरं होतं.

विंडोजवर काय झालं ते पाहा. सीनं उणे एक ३२ बिटांत लिहिला. एक्स८६-६४ प्रोसेसरचा नियम असा, की रजिस्टरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या ६४ बिटांच्या कप्प्याच्या, खालच्या अर्ध्या भागात ३२ बिट लिहिले की वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो. पायथननं अख्खं रजिस्टर उचललं. खालचे बत्तीस बिट पेटलेले, वरचे विझलेले. उणे एकाचे चारशे एकोणतीस कोटी झाले. ‘शून्याहून कमी असेल तर थांब’ ही माझी तपासणी त्याच्या बाजूनं निमूटपणे निघून गेली, आणि प्रोग्राम तेवढ्या नोंदींसाठी, प्रत्येकी आठ बाइट, जागा मागायला लागला.

पण मुळात उणे एक का आला? फाइल उघडलीच गेली नव्हती. तिनं ती ‘मोजणी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. पायथननं तो पत्ता यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, सीकडे दिला. विंडोजवर सीचं नेहमीचं फाइल उघडणारं फंक्शन ते बाइट त्या मशीनच्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या तक्त्याप्रमाणे, वाचतं, आणि ते कोडपेज सहसा यूटीएफ-८ नसतं. देवनागरीचं एकेक अक्षर म्हणजे तीन बाइट. त्या तिन्हींची तीन परकी चिन्हं झाली आणि अशा नावाची फाइल अर्थातच कुठे नव्हती. लिनक्सवर ते बाइट जसेच्या तसे पुढे जातात, मॅकवर ते यूटीएफ-८ म्हणूनच वाचले जातात, त्यामुळे तिथे आम्हाला कधी काही जाणवलं नाही.

दोन वेगळ्या चुका, दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या भाषांत, काही महिन्यांच्या अंतरानं केलेल्या. कंपायलरनं, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनानं, चकार शब्द काढला नव्हता. तिन्हीकडच्या चाचण्या हिरव्या होत्या. आणि वापरणारीला संदेश कशाचा मिळाला, तर मेमरी कमी असल्याचा.

एका भाषेत काम करताना आपल्याला लाड करून घ्यायची सवय लागते. प्रकार जुळत नसेल तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो, रस्टसारखी भाषा तर उसनं घेतलेलं परत कधी करायचं हेही विचारते. पण दोन भाषांचे तुकडे जोडण्याची वेळ येते तेव्हा मध्ये उभा असतो तो लिंकर. आणि लिंकर फक्त नाव विचारतो. या नावाचं फंक्शन हवंय का? हवंय. या नावाचं फंक्शन आहे का? आहे. झालं, गाठ मारली. ते किती आकडे घेतं, कसले घेतं, काय परत देतं, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. पायथनमधून चालत्या प्रोग्राममध्ये लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा गठ्ठा, उघडतो तेव्हाही तेच. सीमेवर पहारा नाही. तिथे जे काही शाबूत राहतं ते आपण दोन्हीकडे एकच गोष्ट खरी लिहिली म्हणून.

बरं, ते नावसुद्धा सरळ नसतं. फोर्ट्रानला लहान-मोठ्या लिपीचा फरक नाही, म्हणून कंपायलर काहीतरी एक ठरवतो: जीफोर्ट्रान हा कंपायलर सगळं लहान लिपीत करून शेवटी एक अंडरस्कोरचं शेपूट लावतो, विंडोजवरचे काही कंपायलर तेच नाव मोठ्या लिपीत करतात. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं चालतात, म्हणून वेगळेपणा राखायला प्रकारांची माहिती नावातच गुंफतात. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर लिनक्सवर बनवतात ते नाव अंडरस्कोर आणि झेडनं सुरू होतं, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं प्रश्नचिन्हानं. मूळ फंक्शन एकच, पण दोघांना एकमेकांचं नाव ओळखता येत नाही. फोर्ट्रान १९५७ मधली भाषा, आणि सीशी कसं बोलायचं हे तिच्या प्रमाणित व्याख्येत अधिकृतपणे आलं ते २००३ च्या आवृत्तीत. मधली सगळी वर्षं लोकांनी शेपटं हातानं लावली. आमच्या जुन्या कोडमध्ये अशी हातानं लावलेली शेपटं अजून आहेत, कुठे एक, कुठे दोन, आणि शेजारी कुणीतरी लिहिलेली तारीख नसलेली टीप: ‘काढू नका’.

मग सगळ्यांनी बोलायचं कुठल्या भाषेत? उत्तर सगळीकडे एकच आहे: सी. कुठल्या समितीनं बसून हे ठरवलेलं नाही. युनिक्स १९७३ मध्ये सीमध्ये नव्यानं लिहिलं गेलं आणि पुढे ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलायचे दरवाजेच सीच्या घडणीचे राहिले. ज्याला फाइल उघडायची त्याला त्या दरवाज्यातून जाणं भाग. म्हणून रस्ट असो, पायथन असो, फोर्ट्रान असो, दोघांना बोलायचं असलं की दोघंही सीत बोलतात, जरी सी त्या दोघांचीही नसली. ही बोली गरीब आहे. तिच्यात चूक वर कळवणारे अपवाद (एक्सेप्शन) नाहीत, स्वतःची लांबी जाणणारी स्ट्रिंग नाही, मेमरी कुणाची हे सांगणारी मालकी नाही. आकडे, पत्ते आणि एकापाठोपाठ मांडलेली घरं एवढंच. पूर्वी मला हा दरिद्रीपणा खुपायचा. आता मला वाटतं की सीमा गरीब असावी. जेवढं कमी पलीकडे जातं तेवढंच दोन्हीकडून नीट तपासता येतं. आमच्या सीमेवर एके काळी साठ-सत्तर फंक्शनं होती. आम्ही ती अकरावर आणली, आणि त्या अकरांत लाँग कुठेही नाही. जिथे ६४ बिट हवेत तिथे ६४ असं आकड्यात लिहिलेला प्रकार आहे. सी भाषेत हे नेमक्या रुंदीचे प्रकार १९९९ पासून आहेत. आम्हीच वापरत नव्हतो.

मेमरीचं प्रकरण याहून नाजूक. लिनक्सवर एका प्रक्रियेत सहसा सीची एकच पायाभूत लायब्ररी असते, त्यामुळे एका तुकड्यानं मागून घेतलेली मेमरी दुसऱ्या तुकड्यानं सोडली तरी खपून जातं. विंडोजवर प्रत्येक डीएलएल, म्हणजे लायब्ररीची फाइल, आपापली सी रनटाइम, म्हणजे सीची पायाभूत लायब्ररी, घेऊन येऊ शकते, आणि प्रत्येकीचा मेमरीचा हिशोब वेगळा. एकीकडून घेतलेलं दुसरीकडे परत करायला गेलात तर प्रोग्राम कोसळतो, तोही नेहमी तिथल्या तिथे नाही. कधी पाच मिनिटांनी, भलत्याच ओळीवर. यावर उपाय एकच, आणि तो शिस्तीचा आहे: ज्यानं दिली त्याच्याकडेच परत करायची. लायब्ररीनं मेमरी दिली तर सोडायचं फंक्शनही लायब्ररीनंच द्यायचं. सी प्लस प्लसचा अपवाद किंवा रस्टचं पॅनिक, म्हणजे त्या भाषेतला तसलाच झटका, हेही तसंच, ज्या घरात झालं त्या घरातच थांबवायचं आणि बाहेर फक्त चूक कुठली ते सांगणारा क्रमांक द्यायचा.

माझ्या एका सहकाऱ्याला हे सगळं अन्यायाचं वाटायचं. तो म्हणायचा, "अरे, प्रोग्राम लिहायला आलो होतो, आणि दिवस जातोय तो बिल्डमध्ये." मी त्याच्याशी सहमत नव्हतो आणि आजही नाही. बिल्ड हा प्रोग्रामचाच भाग आहे. ज्या प्रोग्रामला आपल्याखेरीज कुणी उभं करू शकत नाही तो अजून पुरा झालेला नसतो. 

बिल्डच्या साधनांचा इतिहास वाचला की त्यात माणसांची काळजी दिसते. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. मेकफाइलमधली आज्ञांची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फेल्डमन यांनी पुढे सांगितलं की ही गोष्ट लक्षात आली तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांची घडी विस्कटावी असं त्यांना वाटलं नाही. त्या डझनभरांसाठी राहिलेला टॅब आज जगभर आहे. मला तो टोचतो, पण त्यामागची भावना कळते. सीमेक हे साधन २००० सालचं. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या एका मोठ्या सी प्लस प्लस टूलकिटसाठी किटवेअर या कंपनीनं ते लिहिलं, कारण ते टूलकिट युनिक्सवर आणि विंडोजवर दोन्हीकडे बिल्ड व्हायला हवं होतं. सीमेक स्वतः काही कंपाइल करत नाही. तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या साधनाला समजतील अशा फाइली लिहून देतं. त्याची भाषा सुंदर नाही. तरी अनोळखी मशीनवर पोचून ‘इथे काय आहे, काय नाही’ हे आधी विचारायचं, ही त्याची वृत्ती मला आवडते.

आमच्यात नंतर रस्ट आलं तेव्हा कार्गो हे त्याचं बिल्डचं साधनही आलं, आणि कोण कुणाला हाक मारणार यावर आठवडा गेला. सीमेकनं कार्गोला बोलवायचं, की कार्गोनं सीमेकला? दोन्ही करून पाहिलं. माझं मत असं बनलं की प्रत्येक भाषेनं आपला तुकडा आपल्याच साधनानं घडवावा आणि वर एकानंच सगळ्यांना क्रमानं हाका माराव्यात. दोघं मालक झाले की एकाच लायब्ररीच्या दोन प्रती बनतात, आणि कुठली वापरली गेली हे कुणालाच सांगता येत नाही.

हे कोडं आमच्यापुरतं असतं तर लिहायची गरज नव्हती. सायपायचंच घ्या. पायथनमधून विज्ञानाची आकडेमोड करणारी ही लायब्ररी २००१ पासून आहे. तिच्या पोटात गेली कैक वर्षं जुनं, कसलेलं फोर्ट्रान होतं. मिनपॅकसारखी १९८० च्या सुमाराची संकलनं, जी नव्यानं लिहिण्यापेक्षा तशीच वापरणं शहाणपणाचं होतं. पण विंडोजवर पायथन स्वतः मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं बनतं, आणि त्या कंपायलरशी सहज जुळेल असा मोफत फोर्ट्रान कंपायलर हाताशी नव्हता. लोक काय करत? कुणी सायपाय सोबत घेऊन येणारं मोठं वितरण उतरवून घेई, कुणी एखाद्या भल्या माणसानं घरी बनवून ठेवलेली फाइल. विंडोजसाठी तयार व्हील, म्हणजे थेट बसवता येणारी पॅकेजं, अधिकृतपणे मिळायला लागली ती १.० आवृत्तीपासून, ऑक्टोबर २०१७ मध्ये. सोळा वर्षं. गणित तयार होतं, कोड उघडा होता, वापरणारे वाट पाहत होते, आणि अडलं होतं ते दोन कंपायलरांच्या बोलण्यापाशी. पुढे पायथननं ३.१२ मध्ये डिस्ट्युटिल्स हे बिल्डचं जुनं साधन काढून टाकलं, आणि सायपायनं त्याआधीच, २०२२ मध्ये, मेसॉन या दुसऱ्या साधनावर संसार हलवला. त्या स्थलांतरात नवं गणित एका ओळीचं नव्हतं. ज्यांनी ते केलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

लिनक्सवर बिल्ड सोपं, असा एक समज आहे. बिल्ड सोपं, दुसऱ्याच्या हाती देणं अवघड. जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी आपल्या फंक्शनांना आवृत्तीची मोहोर लावते. जुन्या मशीनवर बनवलेलं नव्यावर चालतं, पण नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. २०२१ मध्ये आलेली २.३४ ही आवृत्ती किंवा त्यापुढची असलेल्या मशीनवर अगदी एका ओळीचा प्रोग्राम कंपाइल करून जुन्या मशीनवर नेलात, तरी तो ‘२.३४ सापडत नाही’ म्हणून दारातच थांबतो. पायथनच्या लोकांनी २०१६ मध्ये यावर जो तोडगा काढला तो मला फार भावतो. मेनीलिनक्स त्याचं नाव. पहिल्या आवृत्तीत ठरलं असं, की सगळ्यांनी सेंटओएस ५ वर बिल्ड करायचं. ही २००७ सालची लिनक्स. म्हणजे ज्याचं मशीन सगळ्यात मागे राहिलंय त्याच्या उंबऱ्यावर बसून घडवायचं, की मग ते पुढच्या सगळ्यांना लागू पडतं.

मॅकचं निराळं. तिथे लायब्ररी स्वतःचा पत्ता पोटात लिहून ठेवते आणि तिला जोडणारा प्रोग्राम तोच पत्ता उतरवून घेतो. माझ्या मशीनवरच्या माझ्याच फोल्डरचा पत्ता असा आम्ही एकदा शंभरेक लोकांना वाटला होता. माझ्याकडे अर्थात सगळं सुरळीत चालू होतं. २०२० पासून तिथे प्रोसेसरही दोन घराण्यांचे झाले, तेव्हा प्रत्येक तुकडा दोनदा बनवून एकत्र शिवावा लागतो, आणि एखाद्या तुकड्याचं एकच रूप राहिलं तर ते शिवताना कळलं तर नशीब.

त्या पाठवणारीकडे परत येतो. विंडोजसाठी आम्ही पत्ता यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे अक्षरं लिहिण्याच्या विंडोजच्या पद्धतीत, बदलून रुंद अक्षरं घेणाऱ्या फंक्शनकडे द्यायला लागलो, परतीचे प्रकार नेमके केले, आणि चाचणीच्या फाइली मुद्दाम एका देवनागरी नावाच्या, मधे स्पेस असलेल्या फोल्डरमध्ये हलवल्या. तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, "चाललं! दोन सेकंदांत उघडली." त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही.

दीडेक महिन्यानं तिचंच पुन्हा पत्र. या वेळी लिनक्सवर. ‘दुसऱ्या फेरीची मोजणी’ असा फोल्डर समोर दिसतोय, सेटिंगच्या फाइलमध्ये तेच नाव टाइप केलंय, आणि प्रोग्राम म्हणतो असा फोल्डर नाही. तिनं दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून पाठवली होती. मी कितीतरी वेळ पाहत बसलो. एका काना-मात्रेचाही फरक नव्हता. शेवटी दोन्हींचे बाइट काढून पाहिले, तेव्हा लांबीच वेगळी निघाली.

फरक ‘ऱ्या’मध्ये होता. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या सामायिक यादीत, ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. तेच अक्षर साध्या र पुढे नुक्ता देऊनही लिहिता येतं, तेव्हा सहा बाइट होतात. युनिकोडच्या नियमांनुसार दोन्ही एकच, पडद्यावरही एकच. तिनं टाइप केलेलं नाव पहिल्या प्रकारचं होतं. फोल्डर मात्र एका जुन्या मॅकच्या डिस्कवरून कॉपी झाला होता, आणि मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नावं साठवताना अशी अक्षरं सोडवून ठेवायची. लिनक्स नावात ढवळाढवळ करत नाही; त्याला बाइट वेगळे म्हणजे फोल्डर वेगळा.

पायथनमध्ये तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावं एका रूपात आणायची, आणि उघडताना मात्र फाइल सिस्टिमनं जे नाव दिलं तेच, बाइटही न हलवता, पलीकडे द्यायचं, एवढा बदल केला. पाच ओळींचा. मग चाचण्यांमध्ये गेलो. आमच्या लिनक्सवरच्या चाचणीत आता ‘दुसऱ्या फेरीची मोजणी’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी असतात. यादी काढली तर एकच नाव दोनदा आल्यासारखं दिसतं. एकातला ऱ तीन बाइटांचा आहे, दुसऱ्यातला सहा.